व्हॅनसकट परीक्षा

एखाद्या माणसावर लिहावं एवढं माझं वाचन नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. कुठं चुकलो तर आधीच माफी मागतो. पण शेजारच्या मावशींबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

"काऊन नाई होनार बे?" का नाही होणार, असं पदरानं कपाळ पुसत त्या नेहमी म्हणतात. मेहकरच्या आमच्या गल्लीत हे वाक्य ऐकलं नाही असं कुणी नसेल.

त्यांच्या मळ्यातली भाजी त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, व्हॅननं बुलढाण्याला न्यायचे. यंदा काकांची नजर अधू झाली आणि गाडी कडुलिंबाखाली उभी राहिली. लोणारच्या एका माणसाशी विक्रीचं बोलणंही झालं. तो सोमवारी येणार होता. शिकाऊ लायसन काढून महिनाभर मळ्यात हात बसवलेल्या मावशी काकांना म्हणाल्या, "शुक्रवारी गाडीची टेस्ट हाये माही. नापास झाली, तं खुशाल देऊन टाका."

मी मागच्याच वर्षी लायसन काढलेलं, म्हणून तयारी माझ्याकडे आली. टेस्टला गाडी आपली न्यायची, आणि तिच्यात काही कमी निघालं तर साहेब चाकही फिरवू न देता परत पाठवतात. मी यादी वाचू लागलो. हॉर्न, आरसे, वायपर, सीटबेल्ट...

"मावशी, पट्टे कुठे आहेत?"

त्या हसल्या. सीटवरून काढलेले पट्टे मागं टमाट्यांच्या क्रेटभोवती करकचून बांधले होते. "माल हालत नाई ना बाबू!"

मग ते साबणानं घासले, तारेवर वाळवले, मेकॅनिककडून पुन्हा बसवून घेतले. "दोन दिवसांत सगळं होईल?" मी भीतभीत विचारलं. उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

गुरुवारी ब्रेकलाईट तपासायचे होते. मावशी स्टिअरिंगवर, काका गाडीच्या मागं.

"लागला का?"

"लागला!" काका ठणकावून म्हणाले.

"अहो, अजून दाबलाच नाई म्या!"

आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले. मग मी मागं जाऊन पाहिलं, तर डावा दिवा बंदच होता. बल्ब बदलला. काका वाकले, नाक काचेला टेकेपर्यंत वाकले, आणि हळूच म्हणाले, "आता खरंच लागला."

मी मान फिरवली.

शुक्रवारी सकाळी पुढं-मागं लाल एल चिकटवला. टेस्ट मेहकरच्याच आरटीओ कॅम्पात होती; मावशींच्या शेजारी मेकॅनिक बसला आणि मी बुलढाण्याची एसटी पकडली. माझाही कॉलेजचा पेपर होता आणि पुढं मुक्काम होस्टेलवरच. काय लिहिलं आठवत नाही. डोळ्यांसमोर मावशींची व्हॅन आठाच्या आकड्यात फिरत होती. निकाल विचारायची हिंमत मात्र झाली नाही. शनिवार गेला, रविवार गेला.

सोमवारी संध्याकाळी काकांचाच फोन आला.

"लोणारचा पाहुना आलता बे. रिकामाच गेला वापस."

"म्हणजे मावशी पास?"

"मंग! आज लायसनबी आलं मोबाईलवर. अन् तुही मावशीच गेली त्याले स्टँडवर सोडाले, व्हॅननं!"