टेकडीवरचा काळा चौकोन

वाचकहो, सावध होऊन बसा. एका अत्यंत गंभीर गुन्ह्याची हकीकत मी आज प्रथमच जाहीर करत आहे. एका म्हाताऱ्या बाईंच्या कुरणात अकरा खड्डे सापडले होते. प्रत्येक खड्डा वीतभर खोल होता आणि गुन्हेगाराने तो स्वतःच बुजवून वर गवताची चकती जशीच्या तशी बसवली होती.

हसू नका. सव्वीस वर्षांच्या नोकरीतली ही एकच केस अशी, की जिची आठवण झाली की मी अजूनही हातातला चहा खाली ठेवतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळच्या एका छोट्या टाउनशिपच्या, म्हणजे ग्रामपंचायतीएवढ्या हद्दीच्या, पोलीस खात्यात मी होतो. आलो होतो शिकायला. शिक्षण अर्धवट सुटलं, पुढे नागरिकत्व मिळालं आणि अंगावर वर्दी चढली. पुण्यात माझी आई तीन वर्षं सगळ्यांना ‘मुलगा सरकारी नोकरीत आहे’ एवढंच सांगत होती.

एप्रिलच्या एका सकाळी बाईंचा पुतण्या ठाण्यात आला. आपली काकू कुरणात खड्डे खणते आहे, याचा लेखी रिपोर्ट त्याला हवा होता. काकूंचं वय अठ्ठ्याहत्तर, शेतावर एकट्या. काकूंचं डोकं चालत नाही, तेव्हा त्यांच्यावर पालक नेमावा, असा अर्ज त्याने कोर्टात केला होता. तो मंजूर झाला असता तर शेत विकलं जाणार आणि बाई वृद्धाश्रमात जाणार. सुनावणीला नऊ दिवस उरले होते. पुतण्या वाईट नव्हता, घाईत होता. घाईतली माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. ती खोटं बोलत नाहीत, फक्त दुसऱ्याचं ऐकायला थांबत नाहीत.

मी जबाब घ्यायला शेतावर गेलो. बाईंनी मला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि स्वच्छ सांगितलं की खड्डे त्यांनी खणलेले नाहीत. तिथे एक माणूस येतो. त्या पहिलीत-दुसरीत असताना ज्या शाळेत जायच्या ती शाळा टेकडीवर जिथे होती, नेमका तिथे येतो.

पंचाईत इथेच होती. ती शाळा होती असं म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे बाई. इमारत केव्हाच जळाली होती, तिचे दगड कुणाच्या तरी गोठ्याला लागले होते. टाउनशिपच्या दप्तरात तेवढे जुने कागद नव्हते. बरोबरची मुलं सगळी गेलेली. पुतण्याच्या वकिलाने अर्जात पहिला मुद्दाच ‘नसलेली शाळा’ हा घातला होता. आता त्यात ‘नसलेला माणूस’ जमा झाला.

‘‘दिसायला कसा आहे?’’ मी विचारलं.

आपण जे सांगणार ते कसं ऐकू येईल, हे बाईंना कळत होतं. तरी म्हणाल्या, त्याच्या डोक्याला, कानांना, गळ्याला मिळून एकच लोकरीची टोपी असते, फक्त डोळे आणि नाक बाहेर. त्यावर कानाला काहीतरी लावलेलं. हातात काठी, काठीच्या टोकाला ताटली, ती तो गवतावरून फिरवतो. आणि एका विशिष्ट जागी आला की बूट काढतो, वाकतो, मातीला हात लावून तो कपाळाला लावतो.

माझ्याबरोबर आलेला सार्जंट खिडकीबाहेर बघू लागला. परत येताना गाडीत म्हणाला, ‘‘बिचारी. पण भुताची टोपी मात्र उबदार दिसते.’’

मी त्या टोपीचाच विचार करत होतो. कारण वाचकहो, त्या अख्ख्या काउंटीच्या पोलीस दलात माकडटोपी ओळखणारा मी एकटाच होतो.

ठाण्यात आल्यावर मी माझ्या सर्वोत्तम खबरीला फोन लावला. या आमच्या मराठी मंडळातल्या एक काकू. गावात तेव्हा मराठी घरं मोजून बारा, आणि कुणाच्या फ्रीजमध्ये काय आहे हेही काकूंना ठाऊक असे. कुणाचे आईवडील आले आहेत का, एवढंच मी विचारलं. काकूंनी तीन घरं सांगितली आणि न विचारता पुढे म्हणाल्या की त्यातल्या एका घरची सून कुरकुरते आहे, सासरे रोज सकाळी फिरायला जातात आणि बुटांना ढीगभर चिखल घेऊन येतात. एवढा जलद तपास मी पुन्हा कधी केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या घरी गेलो. सुनेने दार उघडलं, वर्दी पाहून घाबरली. ‘‘अहो, बाबा फक्त वॉकला जातात, दॅट्स ऑल,’’ म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. काका समोर येऊन बसले. अडुसष्ट वर्षांचे, सडपातळ, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. मी मराठीत बोललो तर ते आणखीच घाबरले. मी मुलाच्या वयाचा, तरी मला ‘साहेब’ म्हणत होते.

कुरणात गेला होतात का? नाही. खड्डे खणलेत का? नाही. काही नेलंत का? ‘‘साहेब, मी कुणाचं काही घेतलेलं नाही,’’ आणि नजर आतल्या खोलीच्या दाराकडे. चौकशीत हे नेहमी दिसतं. लपवणारा माणूस पोलिसाकडे कमी बघतो, वस्तू जिथे आहे तिकडे जास्त.

अर्धा तास गेला. चहा संपला. मी वही मिटली आणि उठता उठता सहज विचारलं, ‘‘काका, थंडीत बूट कशाला काढता? पाय गारठतील.’’

‘‘शाळेत बूट घालून कसं जायचं?’’ ते म्हणाले, आणि जीभ चावली.

शाळा हा शब्द मी उच्चारलाच नव्हता.

मी परत बसलो. आता प्रश्न विचारले नाहीत, सांगितलं. बाईंचं सगळं सांगितलं. त्यांनी तुम्हाला पाहिलं म्हणून त्यांना वेड लागलं असं ठरतंय, आणि घर जातंय, तेही सांगितलं. काका उठून आत गेले आणि सूटकेस घेऊन आले. घडी केलेल्या धोतरांच्या खालून त्यांनी उशीचा अभ्रा काढला, अभ्र्यातून कागदाची गुंडाळी काढली आणि ती माझ्यापुढे ठेवून दोन्ही हात जोडले.

‘‘नकाशा मीच मिळवला. मुलाला यातलं काही माहीत नाही, त्याच्या नोकरीला धक्का लागू देऊ नका. मला काय करायचं ते करा, पण त्या बाईंना घरी राहू द्या.’’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका भारतात सर्व्हे खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. तिथे अशा नकाशांना कुलूप असे, एकेक प्रत सही करून घ्यायची, सही करून परत द्यायची. इथे युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जुना भूमापन नकाशा सहज हातात मिळाला, झेरॉक्सही निघाली. एवढं सोपं म्हणजे नक्कीच कुणाच्या तरी चुकीने आपल्याला मिळालं, अशी त्यांची खात्री झाली. मी खड्ड्यांची चौकशी करत होतो आणि ते हेरगिरीचा आरोप झेलत बसले होते.

मी म्हटलं, काका, हे नकाशे इथे दुकानात मिळतात, मासे धरायच्या गळांशेजारी टांगलेले असतात.

‘‘गळांशेजारी?’’ काकांना हायसं वाटलं नाही. दुखावल्यासारखे दिसले.

मग त्यांनी गुंडाळी उलगडली; आत टेकडीचा नवा नकाशाही होता. जुन्याची पारदर्शक कागदावर काढलेली नक्कल नव्यावर ठेवली, टेकडीच्या रेषा रेषांशी जुळवल्या. खालच्या नव्या नकाशात टेकडी मोकळी होती. वरच्या जुन्यात, ओढ्याच्या वळणापासून जरा वर, तिळाएवढा काळा चौकोन होता आणि त्यावर इवलंसं निशाण. निशाण म्हणजे शाळा, हे नकाशाच्या कडेलाच छापलेलं होतं. गॅरेजमध्ये मुलाचं मेटल डिटेक्टर, म्हणजे ती ताटलीवाली काठी, धूळ खात पडलं होतं, ते घेऊन काका वळणापासून पावलं मोजत वर गेले. आइस्क्रीमच्या डब्यात त्यांनी सगळं चिठ्ठ्या लावून ठेवलं होतं: बाकाचा लोखंडी पाय, मुलांच्या कपड्यांची बटणं, हातात धरून वाजवायची छोटी घंटा.

‘‘कशासाठी एवढं?’’ मी विचारलं.

‘‘साहेब, असे चौकोन मी हजारो काढले. एकाही ठिकाणी कधी गेलो नव्हतो. म्हटलं, मरायच्या आधी एक तरी खरा आहे का ते बघावं.’’

सुनावणीला काका स्वतः आले, इस्त्रीचा कोट घालून, नकाशे आणि डबा घेऊन. परवानगीशिवाय जमिनीत शिरल्याची कबुली त्यांनी आधी दिली, कुणी विचारायच्या आत. बाईंनी तक्रार करायला साफ नकार दिला. मग न्यायाधीशांनी भिंग मागवलं आणि नकाशावर वाकले. पुतण्यालाही त्यांनी जवळ बोलावून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला, आणि मग वकिलाच्या कानात काहीतरी बोलला. अर्ज मागे घेतला गेला.

या केसने मला काय शिकवलं? एक तर, माणसाने काय केलं हे विचारण्याआधी तो कशाला भितो आहे ते शोधावं. अर्धी चौकशी तिथेच संपते. आणि दुसरं मला शिकवलं ते बाईंनीच. इतके दिवस त्या सगळ्यांशी ताठ मानेने भांडत होत्या. पुतण्याशी, वकिलाशी, माझ्याशीही. त्यांना स्वतःबद्दल तसूभर शंका नाही, असंच मी धरून चाललो होतो. न्यायाधीशांनी भिंग त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते चौकोनावर धरलं, निशाण पाहिलं, आणि भर कोर्टात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

‘‘म्हणजे माझं डोकं खरंच ठिकाणावर आहे!’’