मागची खुर्ची

मागे पाहत पाहत पुढे जाणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो जयपूरच्या बनी पार्कात आमच्या शेजारी राहत होता. हे वाक्य अलंकारिक नाही. ज्यांना तसं वाटत असेल त्यांनी गार्डकाकांच्या मागे बसून एकदा आग्र्याच्या रस्त्यावरच्या बस्सीपर्यंत जाऊन यायला हवं होतं. मी कितीदा जाऊन आलो याची मोजदाद नाही. दर वेळी परतल्यावर आमची सौभाग्यवती दारात उभी राहून मला आपादमस्तक न्याहाळायची आणि "आलात का सगळे?" असं विचारायची. मी एकटाच गेलेलो असायचो, तरी त्या 'सगळे'चा अर्थ मला बरोबर कळायचा.

काका मूळचे बडनेऱ्याकडचे. रेल्वेत गार्ड होते, बदलीवर जयपूरला आले आणि इथेच निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीच्या शेवटी शेवटी गार्ड हे नाव जाऊन त्या जागी मॅनेजर आलं. पण "मॅनेजर म्हटल्यानं डबा पुढं सरकत नाई ना बापू," असं म्हणून काकांनी ते नाव कधी लावून घेतलं नाही. गार्ड म्हणजे गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसणारा माणूस. बाकीच्या जगाला येणारं स्टेशन दिसतं, याला गेलेलं दिसतं. सगळी हयात अशी गेल्यामुळे काकांच्या अंगात मागेपण मुरलेलं होतं. लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसत. भाजी आणायला निघाले तर काकूंच्या मागून चालत. देवळातून बाहेर पडताना पायरीवर थांबून, मागे वळून, सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहत आणि मगच चपला घालत. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, मागे काय बघता?" तर म्हणाले, "काही नाई. गाडी तुटली तं नाई ना, तेवढं पाह्यतो."

अशा माणसाच्या मनात एकच हौस होती, ती म्हणजे पुढे बसण्याची. निवृत्तीच्या समारंभात गळ्यात हार असतानाच त्यांनी ती जाहीर केली होती. पण हौस आणि गाडी यांची गाठ घालून दिली ती काकूंनी, आणि तीही रागाच्या भरात. झालं असं की निवृत्त झाल्यावर दोघं पहिल्यांदाच बरोबर गावाला निघाली. इतकी वर्षं काकू मुलांना घेऊन एकट्या जायच्या, काका ड्यूटीवर असायचे. या वेळी शेजारी शेजारी जागा मिळाल्या, काकूंनी दोघांचे डबे भरले, आणि सवाई माधोपूरला काका "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून जे उतरले, ते शेवटच्या डब्यातल्या गार्डशी गप्पा मारत बसले. काकूंना ते थेट बडनेऱ्याच्या फलाटावर भेटले. दोन्ही डबे काकूंनी एकटीने संपवले आणि फलाटावरच शपथ घेतली, की या माणसाबरोबर पुन्हा रेल्वेत पाऊल ठेवायचं नाही. ही शपथ एरवी चालून गेली असती. पण दिवाळीनंतर जयपूरचं घर सोडून कायमचं गावी राहायला जायचं दोघांचं ठरलं होतं. सामान ट्रकने जाणार होतं. माणसं कशी जाणार, हा प्रश्न होता. काकूंनी उत्तर देऊन टाकलं, "जिथं तुमाले उतरून पळता येत नाई, अशा गाडीनं नेत असान तं येतो. नाई तं मी ट्रकात बसतो."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गेस्टहाऊस आहे. त्याच्या मालकाच्या चिरंजिवांनी हौसेने एक तीन चाकांची मोटारसायकल घेतली होती. पुढे दोन चाकं, मागे एक, रंग काळाकुट्ट आणि तोंडावळा असा, की ती उभी असली तरी कुणावर तरी धावून निघाल्यासारखी दिसे. चिरंजिवांची हौस एका उन्हाळ्यात फिटली आणि ती गाडी ताडपत्रीखाली जाऊन तिच्यात कबुतरं राहू लागली. काकांनी ती पाहिली आणि त्यांना साक्षात्कार झाला. तीन चाकं, म्हणजे कलंडायची भीती नाही. गिअरची भानगड नाही, स्कूटरसारखी सरळ. आणि मुख्य म्हणजे चालवणारा उतरून पळाला तर गाडी चालणारच नाही. आठवड्याभरात कबुतरं बेघर झाली.

आता ती गाडी होती शर्यतीतल्या पोरांसाठी केलेली. तिच्यावर पालथं झोपून, हनुवटी टाकीला टेकवून वाऱ्याला चिरत जायचं. काकूंचे गुडघे, काकांची कंबर आणि बडनेऱ्यापर्यंतचा रस्ता यांचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. काकांनी तो जोडायला घेतला. रिक्षांच्या गाद्या शिवणारा एक मिस्त्री त्यांनी गाठला. आधी हँडल उंच झालं, इतकं की काका बैलगाडीचे कासरे धरल्यासारखे ताठ बसू लागले. मग पुढे काच आली. पायाखाली फळ्या आल्या. सीटच्या आत जयपुरी रजई गेली. डाव्या बाजूला पाण्याची कापडी छागल लटकली, उजव्या बाजूला चार पुडांच्या डब्याचं कडं बसलं. आरसे तर इतके लागले, की गाडीपुढे उभं राहिलं की आपलं तोंड सहा-सात दिशांनी दिसायचं. मिस्त्री एकदा कंटाळून म्हणाला, "गार्डसाब, ये गाड़ी है या बरामदा?" काका म्हणाले, "बरामदाच पाहिजे. फक्त चालला पाहिजे."

पण या सगळ्यावर कळस म्हणजे मागची खुर्ची. काकूंना गुडघ्यामुळे पाय टाकून बसणं जमायचं नाही. तेव्हा काकांनी बंद पडलेल्या एका सलूनमधली फिरती खुर्ची आणली, तिचा खालचा खांब कापला आणि ती गाडीच्या मागच्या बाजूला बसवून घेतली. खुर्ची बाजूला फिरवायची, काकूंनी घरच्यासारखं बसायचं, मग खुर्ची पुढे वळवून खिटी लावायची, अशी योजना. हे नियमात बसत होतं की नाही ते मला विचारू नका. काकू बसत होत्या की नाही, एवढाच आमच्यापुढे प्रश्न होता. आणि काकू बसत नव्हत्या. "आधी गाडी पुरी करा, मंग मी बसतो," एवढंच त्यांचं म्हणणं. मात्र खुर्चीला खोळ शिवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मुकाट्याने कपाटातून कापड काढून दिलं. काकू कितीतरी वर्षं टोंक रोडवर सीतापुऱ्याला कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. तिथलं ते उरलेलं कापड, पांढऱ्यावर लाल बुट्ट्यांचं. त्या काळ्या राक्षसाच्या पाठीवर ती फुलाफुलांची खुर्ची दिसू लागली आणि गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

काकू बसत नाहीत म्हटल्यावर मापाला कोण, असा पेच पडला. काकांनी रेल्वेत पार्सलं पाहून पाहून तयार झालेली नजर माझ्यावर टाकली आणि म्हणाले, "बापू, तुमचं वजन आमच्या हिच्याइतकंच भरन." एका सद्गृहस्थाला शेजाऱ्याच्या बायकोच्या वजनाचा म्हणावं, हा अपमान आहे की सन्मान, हे मला ठरवता येईना. आमची सौभाग्यवती मात्र "न्या, न्या, रिकामेच असतात रविवारी," म्हणून मोकळी झाली. तेव्हापासून दर रविवारी मी बदली काकू म्हणून त्या खुर्चीत बसू लागलो. मांडीवर डबाही ठेवावा लागे, कारण काकूंच्या मांडीवर तो असणार होता. माझ्या पाठीप्रमाणे टेकू वळवला गेला, माझ्या पायांप्रमाणे खालची फळी सरकली, माझ्या मानेप्रमाणे उशी आली.

निघण्याचा विधी पाहायला गल्ली गोळा व्हायची. काका आधी गाडीच्या मागे जाऊन उभे राहत. शिट्टी वाजवत. खिशातून हिरवी झेंडी काढून, पुढे ड्रायव्हर बसलेला आहे असं समजून ती दाखवत. मग झेंडी गुंडाळून तुरुतुरु धावत पुढे जात, ड्रायव्हरच्या जागी बसत आणि आपल्याच झेंडीला मान देऊन गाडी सुरू करत. "झेंडीशिवाय गाडी हलत नाई," हा त्यांचा सिद्धांत. गाडी हलली की पुढचा प्रकार सुरू व्हायचा. थोडं गेलं की काका वळून मागे बघायचे. आरसे असून वळायचे. "बरं हाये ना?" मी ओरडायचो, "काका, पुढे!" मग ते पुढे बघायचे, तोवर पुढे काहीतरी आलेलं असायचं. बस्सीच्या अलीकडे एकदा पेरूचा ठेला आला. धक्का अगदी हलकासा बसला. पण त्याने माझ्या खुर्चीची खिटी निघाली, खुर्ची गर्रकन फिरली, आणि मी मांडीवर डबा आणि डब्यावर पेरू अशा थाटात आग्र्याकडे पाठ करून जयपूरकडे बघू लागलो. ठेलेवाला रागावायचं विसरून हात जोडून म्हणाला, "बाबूजी, दाढ़ी बनवानी थी तो घर पे बनवा लेते!"

दिवाळी झाली. ट्रक गेला. घर रिकामं झालं, आणि काका अजून सुधारणाच करत होते. आज काच जरा वाकडी, उद्या छागल गळते. एके दिवशी मी काकूंना म्हटलं, "काका फारच काटेकोर आहेत बुवा." काकू रिकाम्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर टेकून चहा पीत होत्या. म्हणाल्या, "गाडीत काहीच खोट नाई, बापू. त्यायचा पाय निघून नाई रायला इथून. जनम गेला गाव सोडण्यात, आन एक गाव सोडवत नाई." आणि मग पेला खाली ठेवून म्हणाल्या, "उद्या मी बसतो. नाई तं हे असेच इथं नटबोल्ट पिळत बसतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बसल्या आणि आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं, की खुर्ची माझी झाली होती. काकू माझ्याहून हातभर बुटक्या. वजन जुळलं होतं, उंचीचा विचार कुणी केलाच नव्हता. त्यांचे पाय फळीच्या वर लोंबकळत होते, टेकू डोक्यामागे गेला होता आणि उशी तर थेट आभाळात. काकांचा चेहरा पडला. पण सुटका झाल्यासारखा एक भाव त्याच्यावर चमकून गेला, तो मी पाहिला. "आठ दिवसाचं काम हाये," ते उत्साहाने म्हणाले. काकू म्हणाल्या, "चालवा." शिट्टी झाली, झेंडी झाली, धावपळ झाली, गाडी निघाली. चौकापर्यंत जाईतो काकांनी चारदा मागे वळून "बरं हाये ना?" विचारलं आणि पाचव्यांदा गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगावर चढून शांतपणे थांबली.

मी धावत गेलो. वाटलं, संपलं. आता ट्रकही गेला आणि रेल्वेही नको. काकू खुर्ची फिरवून उतरल्या, पदर खोचला आणि पुढे येऊन काकांना म्हणाल्या, "सरका."

"म्हंजे?"

"मी चालवतो. सीतापुऱ्याले स्कूटर कोण नेत होतं रोज? उन्हात, थंडीत? हिले बी गिअर नाई. टोंक रोडचा खड्डा न् खड्डा मले पाठ हाये."

काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "सारा जनम मागंच बसलो ना. एकदा तं पुढं बसू द्या."

त्या माणसाची मी खूप थट्टा केली आहे, पण त्या क्षणी ती सगळी परत घ्यावीशी वाटली. काकूंनाही ते ऐकून बरं वाटलं नसावं. त्यांनी काकांच्या शर्टावरची वाळू झटकली आणि हळूच म्हणाल्या, "पुढं बसून तुमी पाह्यता तं मागंच ना जी. काहून जिवाले त्रास करून घेता? मले पुढचं दिसते, तुमाले मागचं. दोघायचं मिळून सारं दिसन."

काका हँडल सोडून खाली उतरले. मग मागे गेले आणि खुर्चीत बसले. त्यांची उंची माझ्याएवढीच आहे हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाय फळीला टेकले, टेकू कमरेला लागला, मान उशीवर विसावली. सवयीने हात खिशात गेला, शिट्टी वाजली, झेंडी बाहेर आली. आणि पुढून काकूंनी हॉर्न वाजवला. इतके दिवस त्या झेंडीला कुणी उत्तर दिलं नव्हतं. काका जे हसले, ते पाहून मलाच लाज वाटली, की हे आधी मला का सुचलं नाही.

चार दिवसांनी ती दोघं निघाली. सकाळची थंडी होती. काकू हेल्मेट घालून, स्वेटरवर पदर गुंडाळून पुढे बसल्या होत्या. गल्ली जमली होती. मिस्त्रीही आला होता आणि विनाकारण खिटी तपासत होता. काकांनी खुर्ची पुढे वळवायच्या ऐवजी उलटी, आमच्याकडे तोंड करून लावून घेतली. मी म्हटलं, "काका, निदान आज तरी पुढे बघून जा." ते म्हणाले, "नाई बापू. मागं तोंड करून बसलं ना, की सोडलेलं गाव लई वेळ दिसत रायते."

शिट्टी वाजली. हॉर्न वाजला. ती काळी गाडी, तिच्यावरची ती लाल बुट्ट्यांची खुर्ची आणि खुर्चीतले आमच्याकडे बघणारे काका हळूहळू लांब जाऊ लागले. त्यांनी हिरवी झेंडी हातातून सोडली नव्हती. मी हात हलवत राहिलो. गाडी वळणाआड गेली, झेंडी दिसेनाशी झाली, लोक आपापल्या घरी गेले, सौभाग्यवतीने दोनदा हाक मारली. तरी मी तिथेच उभा होतो. काकांना मी अजून दिसत असेन असं मला वाटत होतं.