लढाईच्या दिवसांतली सेकंड शिफ्ट

माझा नवरा सैन्यात आहे. त्या उन्हाळ्यात ते सुट्टीवर घरी होते, तेवढ्यात लढाईची चिन्हं दिसू लागली आणि बोलावणं आलं. त्याच दिवशी संभाजीनगर स्टेशनवरून ते गेले. बिडकीनच्या घरात सासू-सासरे, धाकटे दीर, माझी मुलगी आणि मी मागं राहिलो. मी वाळूजला एका कंपनीत मशीन चालवते. तेव्हा माझी सेकंड शिफ्ट चालू होती.

टीव्हीवर वर्दीतल्या बाया लढाईची माहिती देत होत्या. सासरे कौतुकानं बघायचे. "लेकी असाव्यात तर अशा," म्हणायचे. दिरांनी त्या बायांचा फोटो स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर निघाले, तर तेच दीर दारात आडवे.

"वहिनी, लढाई संपेपर्यंत कामावर जायचं नाय. दादा तिकडं जीव धोक्यात घालतोय अन् तुम्ही बसनं फिरणार? लोकं काय म्हणतील?"

"टीव्हीतल्या बाईला तिच्या घरच्यांनी असंच अडवलं असतं तर?"

"त्यांची गोष्ट येगळी हाय," सासरे खुर्चीतून म्हणाले.

मी चपला घातल्या आणि गेले.

मग नवऱ्याचा फोन आला. घरच्यांनी त्यांचे कान भरलेच होते. "थोडे दिवस घरी राहा ना. मला इकडं डोक्याला ताप नको."

तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. सीमेवरच्या माणसावर ओरडता येत नाही. घरच्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर नवऱ्याच्या तोंडून वदवून घेतलं. त्याचा संताप अजून गेलेला नाही. "काळजी घ्या," एवढंच मी म्हणाले आणि कामावर जात राहिले.

लढाई थांबली, ते सुखरूप आले. गावानं सत्कार ठेवला. त्यांना शाल, मला साडी. सूत्रसंचालक माइकवर म्हणाले, "या माउलीनं उंबरा न ओलांडता पतीसाठी देव पाण्यात घातले." दीर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

मी माइक मागून घेतला. "मी रोज कामावर जात होते. मला घरी बसवायला निघालेलेच आत्ता टाळ्या वाजवतायत."

माइक परत दिला आणि जागेवर जाऊन बसले.

घरी येताना नवरा म्हणाले, "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"फोनवर बोलता येत नव्हतं."

सासऱ्यांनी कितीतरी दिवस अबोला धरला. सासूबाई मात्र हल्ली दुपारी, दिरांच्या देखत, मला बसपर्यंत सोडायला येतात.