टेबलावर फक्त इंग्रजी

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर मी कुठल्या गिऱ्हाइकाला कशी टोपी घातली तेसुद्धा जेवताना सांगतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण सुचतं. एका मुलीची नोकरी माझ्यामुळे गेली. मी एक शब्द बोललो आणि गेली. पण त्या शब्दापर्यंत यायला मला वेळ लागणार आहे, आणि मधे मी चिडणारही आहे. चिडल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही.

मी बर्मिंगहॅममध्ये रेस्टॉरंटच्या किचनचं जुनं सामान विकतो. एखादं रेस्टॉरंट बंद पडलं की मी तिथे हजर — फ्रायर, तंदूर, फ्रीझर, स्टीलची टेबलं उचलायची, घासूनपुसून चकचकीत करायची आणि पुढच्या आशावादी माणसाला विकायची. इचलकरंजीहून इथे आलो तो नर्सबाईंचा नवरा म्हणून. बाकी जे केलं ते स्वतः केलं. आमच्या मंडळात बहुतेक सगळे डॉक्टर. गणपतीत नवी ओळख झाली की पहिला प्रश्न, तुम्ही कुठल्या हॉस्पिटलला? मी म्हणायचो, मी फ्रायर विकतो. मग समोरच्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जायची, दुसरं कुणी बोलायला सापडतंय का बघत. मोदक मात्र माझ्या स्टीमरमध्ये वाफवलेले. तो स्टीमर मी दरवर्षी फुकट द्यायचो, व्हॅनमधून आणायचो, परत न्यायचो. असो.

पोकरच्या टेबलावर कुणी हॉस्पिटल विचारत नाही. म्हणून जायचो. कॅसिनोची पोकर रूम वरच्या मजल्यावर होती, सिगारेटबंदी यायच्या आधीची गोष्ट, धुराने छत पिवळं पडलेलं. रविवारी दुपारी बायकोची शिफ्ट असायची, घरी बसून काय करणार? खेळ साधा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, झाकलेली. टेबलाच्या मधे पाच, ती सगळ्यांची. उरलेलं सगळं म्हणजे समोरच्याचं तोंड वाचणं — आणि तोंड वाचण्यावरच माझं घर चालतं. तिथे मी मिस्टर पी होतो. मी आत आलो की माणसं खुर्ची सरकवायची.

पण ते डीलर! पानं वाटणारा माणूस म्हणजे खेळाचा अर्धा जीव, आणि त्या जागेवर एकेक नमुने आणून बसवलेले. एक जण पानं वाटता वाटता फुटबॉल बोलायचा. लावलेल्या पैशांच्या चिप्स मधे पडलेल्या, आम्ही सगळे ताटकळलेले, आणि हा पेनल्टी कशी हुकली ते हाताने करून दाखवतोय. एक बाई पानं इतकी वर उचलून टाकायची की खालून कुणालाही दिसावीत. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, मग बघू नका. बघू नका? एक पोरगा फक्त जिंकणाऱ्याशी गोड बोलायचा. हरणाऱ्याकडे ढुंकूनही पाहायचा नाही, जणू हरणाऱ्याच्या अंगाला वास येतो. कुणी किती लावले ते मोठ्याने सांगायचं असतं — ते सांगायचे नाहीत. टेबल सोडताना दोन्ही हातांचे तळवे वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे असतात, की बघा, मी काही उचललेलं नाही. तेही हे लोक असं उरकायचे, जसं कुणी चालत्या बसमधून टाटा करतं.

आणि कॉलिन. तो तिथला मॅनेजर, भांडण झालं की निवाडा करणारा. असा माणूस कसा असावा? त्याने सगळ्यांचं ऐकावं, आणि ज्याचं म्हणणं आपल्याला गैरसोयीचं त्याचं पुन्हा एकदा ऐकावं. कॉलिन काय करायचा? कोण बोलतंय ते बघायचा. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर ते बरोबर, नवखा असेल तर तो चूक. जागा रिकामी व्हायची वाट बघत माझ्याआधी आलेली माणसं उभी असली तरी तो मला पुढे बसवायचा. आणि मी बसायचो. त्यांच्या किचनला मी दोन फ्रायर घासाघीस न करता दिले होते. ते त्याच्या लक्षात होतं. माझ्याही होतं.

मग रेणुका आली.

आमच्या मंडळातलीच, नागपूरची. नवरा डॉक्टर, पण सरकारने बाहेरून आलेल्या डॉक्टरांचे नियम बदलले आणि त्याची पुढची पोस्ट हवेतच राहिली. तो घरी बसून अर्ज करायचा. घर हिच्या पगारावर. गणपतीत भेटली तेव्हा मला म्हणाली होती, काका, तुमचा स्टीमर नसता तर आपण पेढ्यांवर भागवलं असतं. मंडळात असं म्हणणारी ती एकटीच. कुठे काम करतेस विचारलं तर म्हणाली, ऑफिसात. आणि एका रविवारी ती काळ्या वेस्टकोटमध्ये माझ्या टेबलावर डीलर म्हणून येऊन बसली.

मी तिच्या उजव्या हाताला होतो. पानं अजून वाटायची होती. चिप्स लावायच्या निमित्ताने ती वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, मी इथे काम करून राहिली हे मंडळात कोणाला सांगू नका ना."

मी मान हलवली. बस, एवढंच. त्यानंतर मी तिच्यासाठी सर.

सर! सगळ्यांना सर, तसा मलाही सर. माझ्यासमोर बसणाऱ्या टेरीलाही सर — टेरी म्हणजे घरांना प्लास्टर करणारा, तोंडाने फाटका माणूस. मी आणि टेरी एकाच मापात. आणि डीलर म्हणून कशी होती? सांगायलाच हवं. मी बसलोय त्या सगळ्यांत चांगली. तिचा आवाज चढायचा नाही, पडायचा नाही. कुणी शिवी घातली तरी पुढचं पान त्याच वेगाने. तळवे दाखवायची तर दोन्ही बाजूंनी, सावकाश, शाळेत नखं तपासतात तसे. ज्या गोष्टींसाठी मी इतकी वर्षं इतर डीलरांवर ओरडत होतो त्या सगळ्या ती करत होती. मग मला आनंद व्हायला हवा होता की नाही?

मला राग येत होता. दर रविवारी थोडा जास्त. वाटायचं, एवढ्या खोलीत आपलं एक माणूस, आणि ते साधं ओळखीचं हसूही दाखवत नाही. मी हिचं गुपित ठेवतोय — फुकट. मी फुकट काही देतो का? एक स्टीमर सोडला तर काही नाही. मनातल्या मनात मी तिच्या नावावर उधारी मांडत होतो आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या रविवारी माझ्या हातात राण्यांची जोडी होती. मधे राजा पडला. टेरीने आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. त्याच्याकडे आणखी एक राजा असेल तर त्याची जोडी मोठी, मी मेलो. नसेल तर तो मेला. टेरी बसला होता रेणुकाच्या डाव्या हाताला, आणि स्वतःची पानं बघताना तो ती नेहमीच जास्त उचलायचा. हिला दिसली असतील का? दिसलीच असतील. मी पुढे झुकलो आणि मराठीत म्हणालो, "राजा आहे का गं याच्याकडे? नुसती मान हलव."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इंग्लिश ॲट द टेबल, प्लीज, सर."

नियमच आहे तो. खेळ चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी, म्हणजे दोघांनी मिळून तिसऱ्याला फसवू नये. पोलिश पोरं आपसात बोलली की तो नियम ओरडून सांगणारा मीच. माझे कान तापले. ही मला शिकवणार? विचार न करता सगळ्या चिप्स लोटल्या. टेरीने शांतपणे राजा उलटून दाखवला.

जिंकला ना? मग गप्प बसावं की नाही माणसाने? चिप्स ओढता ओढता त्याने विचारलं, हा तिला काय विचारत होता? मग त्याला एकेक आठवायला लागलं. ती पहिल्यांदा बसली तेव्हाही याच्याशी कुजबुजली होती. आणि ती आल्यापासूनच हा आपल्याकडून इतका जिंकतोय. म्हणाला, "मी प्लास्टर करतो म्हणजे माझं डोकं प्लास्टरचं नाही." कुणी हसलं नाही. खेळ थांबला, कॉलिन आला.

त्याने आधी तिला विचारलं. तिने सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी पानं वाटण्याआधी मी त्यांना आमच्या भाषेत म्हणाले, की मी इथे काम करते हे आमच्या लोकांत सांगू नका. बोलायला नको होतं, ती चूक माझी. आज त्यांनी विचारलं, याच्याकडे राजा आहे का. मी काही सांगितलं नाही. सगळं खरं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मग कॉलिन माझ्याकडे वळला. म्हणाला, हे बरोबर आहे?

त्या खोलीत मराठी कळणारी माणसं दोनच. कॅमेऱ्याला दिसतं, ऐकू येत नाही. मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? मला त्या खोलीत येणं बंद झालं असतं. तिला ताकीद मिळाली असती, नोकरी राहिली असती. एका पारड्यात माझी रविवारची खुर्ची, दुसऱ्यात तिचं घर. आयुष्यभर मी सौदे तोलत आलोय — हाही तोलला. वेळ लागला नाही.

"नाही," मी म्हणालो.

आणि तिथे थांबलो नाही. सुरुवातीला मी तुम्हाला एक शब्द म्हणालो ना? तेही कमी करूनच सांगितलं, सवय आहे. मी कॉलिनला भाषांतर करून दिलं. म्हणालो, पहिल्या दिवशी ती मला म्हणाली की इतरांची पानं ती मला मानेने खुणावत जाईल. मी लक्ष दिलं नाही. आणि आज तिने तसं करायला घेतलं तेव्हा मी तिला समजावत होतो, की असं करू नकोस पोरी, नोकरी जाईल. मी बोललो म्हणून ती घाबरली आणि मला इंग्रजीत बोला म्हणाली. किती नीट बसवलं बघा. कुजबुज टेरीने पाहिली होती. इंग्रजीचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं. आपल्या भाषेत बोलल्याचं तिने स्वतःच कबूल केलं होतं. तिच्याच खऱ्यातून मी माझं खोटं उभं केलं.

ती फक्त म्हणाली, "काका."

सर नाही. काका.

कॉलिन म्हणाला, "इंग्लिश, प्लीज."

ती उठली. दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवले, दोन्ही बाजूंनी, सावकाश, आणि गेली. कॉलिनने माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. टेरीने मला ड्रिंक पाजलं. मी प्यायलो. पुढच्या रविवारी ती नव्हती, आणि अशा कारणावरून काढलेल्या डीलरला दुसरा कुठलाही कॅसिनो दारात उभं करत नाही हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

कॉलिनवर मी पुढे कित्येक वर्षं चिडलेलो राहिलो. मॅनेजर म्हणून काय कामाचा? मराठी जाणणारा तिसरा माणूस नको का शोधायला? मला परत, एकट्याला, नीट विचारायला नको? दोन फ्रायर दिले म्हणून माणूस खरं बोलतो? मी तर जुना फ्रीझरही आत हात घातल्याशिवाय घेत नाही! असं बडबडत मी व्हॅन चालवतो, आणि मधेच लक्षात येतं, की मी जो आहे तो त्याने ओळखला नाही म्हणून मी त्याच्यावर चिडलोय.

पुढच्या गणपतीत तिचा नवरा एकटाच आला. म्हणाला, रेणुकाचं ऑफिसातलं काम सुटलं, काका. आता ग्लासगोला काही जमतंय का बघतो. ऑफिस कसलं ते त्याला माहीत असणारच. पण माझं नाव तिने त्याला सांगितलेलं नव्हतं — कारण हॉल आवरताना तो आपणहून आला, स्टीमरची दुसरी बाजू धरली आणि व्हॅनपर्यंत माझ्याबरोबर चालला. जड आहे हो काका, म्हणाला, दरवर्षी एकटे कसे आणता? मी दार लावलं. ते ग्लासगोला गेले की कुठे, मी कधी विचारलं नाही.

तिने मला एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मात्र मी अगदी कसोशीने पाळली. मंडळात आजतागायत कुणाला माहीत नाही. तिच्यासाठी पाळली? तिचं गुपित फुटलं असतं तर मागोमाग माझं फुटलं असतं, म्हणून पाळली.

कॉलिनला दिलेलं भाषांतर खोटं होतं. ती म्हणाली होती ते हे: काका, मी इथे काम करून राहिली हे मंडळात कोणाला सांगू नका ना.

मी मान हलवली होती.