काकूचे उपास

आमच्या नगरपालिकेने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा घरपोच द्यायचं ठरवलं, तेव्हा घरोघर जाऊन फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. मी तिथला कारकून. त्या फॉर्मांपैकी एकाबद्दल मी आजवर बायकोलाही काही सांगितलेलं नाही.

यादीत माझी चुलती होती. आमच्याच गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या खोलीत राहायची. काका गेलेले, मूलबाळ नाही. वाटणीवरून आमचं बोलणं तुटलेलं. दिवाळीला फराळाचं ताट पाठवायचं, एवढंच नातं उरलं होतं.

फॉर्म घेऊन गेलो तेव्हा भर दुपार होती आणि चूल थंड.

"जेवलीस का काकू?"

"आज मंगळवार. देवीचा उपास हाय."

"आणि काल?"

"काल सोमवार न्हवता व्हय? लेका, तू फॉर्म भराया आलास का पंचांग तपासाया?"

गल्लीत तिच्या उपासांचं फार कौतुक होतं. मीही हसलो. पण मला कळलं होतं. आमच्याकडे उपास म्हणजे भगर, शेंगदाण्याची आमटी, वर केळं. रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच. तिच्या फळीवर ना भगर, ना शेंगदाणे. पिठाचा डबा मी उघडला नाही. उघडला असता तर काहीतरी करावं लागलं असतं.

फॉर्मात एक रकाना होता: जवळचं कोणी सांभाळतं का? 'नाही' असेल तरच डबा मिळणार. सोबतचा शिपाई दारातून म्हणाला, "काय साहेब, आता तुमच्या घरची माणसंबी पालिकेच्या डब्यावर का?"

तो गमतीने म्हणाला. मी मात्र 'होय, पुतण्या' असं लिहिलं आणि खाली काकूचा अंगठा घेतला. तिला वाचता येत नव्हतं.

"डबा कवापासून?" तिने विचारलं.

"कळवतो."

त्यानंतर तिच्या दारावरून जायचं मी सोडलं. पलीकडच्या बोळातून कचेरी गाठायचो.

उन्हाळ्यात ती नळावर चक्कर येऊन पडली. शेजारच्यांनी सरकारी दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा नर्स विचारत होती, "आजी, सकाळपासून काय खाल्लं?"

"उपास हाय."

"आज कसला उपास?"

काकूला वार सांगता येईना. नर्सने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण यांचे?"

"पुतण्या."

"मग जेवायला घालत जा की हो."

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून तो फॉर्म काढला, ओळ खोडली आणि 'नाही' लिहून सही केली. साहेबांनी काही विचारलं नाही. आठवड्यात डबा सुरू झाला. डबा पोचवणारी बाई मला म्हणाली, "त्या आजी उपास करत्यात म्हणून ऐकलं हुतं. मला तर एकादशीलाबी डबा रिकामा मिळतो."

एका दुपारी मन घट्ट करून गेलो. काकू जेवत होती. मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं. रकाना, माझं 'होय', ते सहा-सात महिने. तिने मान वर केली नाही.

"आणि आता काय लिवलंस?"

"कोणी सांभाळत नाही, असं."

"मग आता बरुबर लिवलंस," ती म्हणाली आणि पोळीचा तुकडा आमटीत बुडवला. बस म्हणाली नाही.