दूरच्या यंत्रावरची माझी जागा

त्या दुपारी मला एकेक करून आठवत नाहीत. सगळ्या मिळून एकच लांबलचक दुपार झाली आहे. कपड्यांना हळद शिजवल्याचा ओला, मातकट वास, कुरुंद्याहून वसमतला जाणारी खच्चून भरलेली काळी-पिवळी जीप, आणि नेटकॅफेच्या हिरव्या पडद्यातून येणारा उजेड. त्या उजेडात बसलं की विहिरीच्या तळाशी बसून वर बघतोय असं वाटायचं. बाहेर वसमत उन्हानं पांढरं पडलेलं असायचं आणि मी आत गार अंधारात, कुठल्या तरी भलत्याच शहरातल्या यंत्रावर काम करत असायचे.

नवं शतक लागून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी दूरच्या विद्यापीठात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. ऐन हळदीच्या हंगामात आईचा हात मोडला आणि मला घरी, कुरुंद्याला यावं लागलं. प्रकल्प अर्धा राहिला होता. आपल्या भागातल्या विहिरींचं पाणी पावसाबरोबर कसं चढतं-उतरतं, याचं गणित मला मांडायचं होतं. ते वेळेत दिलं नाही तर वर्ष वाया, आणि वर्ष वाया गेलं तर पुन्हा कॉलेज नाही, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण मला पक्कं ठाऊक होतं. बाबा तेवढे म्हणायचे, "तू तुझं करून राहिली ना बराबर? मग झालं."

गणित करायला विद्यापीठाचं एक मोठं यंत्र होतं. शेकडो जण ते एकाच वेळी वापरायचे, ज्याचं-त्याचं खातं वेगळं. वसमतच्या नेटकॅफेतून मला त्याच्यात शिरता यायचं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. त्यावर प्रोग्रॅम लिहायची भाषा, पायथन, होती, पण नुसतं पायथन माझ्या कामाचं नव्हतं. आकड्यांच्या लांबच लांब रांगांवर एका दमात गणित करणारं एक जास्तीचं पॅकेज लागायचं आणि ते तिथं नव्हतं. मी ते टाकायला गेले तर यंत्रानं सरळ सांगितलं, परवानगी नाही. मग संगणक केंद्र सांभाळणाऱ्या सरांना मेल केली. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: सगळ्यांसाठी टाकता येणार नाही, तुमच्या खात्यात टाका.

टाकलं. पण ते काही शहाण्यासारखं एका झटक्यात बसणारं नव्हतं. ते म्हणायचं, आधी अमुक हवं. अमुक आणलं की ते म्हणायचं, आधी तमुक. लग्नात रुसलेल्या पाहुण्यांसारखं एकेकाचं मन धरत जायचं. त्यातलं एक तर तिथंच यंत्रावर जुळवून तयार करावं लागे. पडद्यावरून ओळींमागून ओळी वर सरकत राहायच्या, न थांबता, आणि त्या बघता बघता माझे डोळे मिटायला लागायचे. अर्धवट झोपेत मला वाटायचं, मी त्या यंत्राच्या आतच चालतेय. लांब ओसऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना बंद दारं आहेत, दारामागं माणसं हळू आवाजात आकडे मोजतायत, आणि मी चप्पल हातात घेऊन पुढं जातेय, कुणाला जाग येऊ नये म्हणून.

आता घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं हळद शिजवायची मोठी कढई दहा-बारा घरांत मिळून एकच होती. ती पाळीनं फिरायची. ज्याची पाळी त्यानं आपलं सरपण आणायचं, आपली हळद शिजवायची आणि पाळी संपली की कढई लख्ख घासून पुढच्याला द्यायची. तळाशी एक काडी राहिली तरी गावभर नाव होई. त्या वर्षी आईचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून घासायला मी. आई बाजूला बसून नुसती हुकूम सोडायची. "तळाला लागून राहिलंय बघ अजून. आपल्या मागं काई ठेवू न्हाई माय, पुढच्याला तकलीफ." मी चिडायचे, पण घासायचे. शाळेत असताना वसमतला ज्या भाड्याच्या खोल्यांत राहिलो, त्याही आम्ही अशाच सोडल्या होत्या. भिंतीतले खिळेसुद्धा उपटून, भोकं बुजवून. माणसानं दुसऱ्याच्या जागेत कसं राहावं, हे मला फार नीट शिकवलेलं होतं.

म्हणून नेटकॅफेतून उठताना मी रोज ते खातं पुसून टाकायचे. सगळं. पॅकेज, त्याचे ते रुसके पाहुणे, सारं. जेवढे आकडे निघाले तेवढे स्वतःला मेल करायचे आणि जागा होती तशी कोरी करून द्यायचे. सगळ्यांचं यंत्र आहे, आपली पाळी संपली. मला त्यात काही वेगळं वाटायचंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून मांडामांड. गणिताला हात लागेपर्यंत लोडशेडिंगची, लाइट जायची वेळ व्हायची. विहिरी राहिल्या बाजूलाच. परत येताना काळी-पिवळीत मी खिडकीशी डोकं टेकून हिशेब करायचे, असं चाललं तर प्रकल्प काही होत नाही. पण पुसायचं थांबवावं, हे एकदाही मनात आलं नाही.

एका दुपारी, पुसायच्या आज्ञेची अक्षरं अर्धी टाइप झाली होती, तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली: संगणक केंद्रातून कुणीतरी तुमच्याशी बोलू इच्छितं. मी दचकले. उत्तर दिलं तसा पडदा मधोमध दुभंगला. वरच्या अर्ध्यात मी, खालच्या अर्ध्यात ते सर. त्यांची अक्षरं एकेक करून यायची, मध्ये थांबायची, खोडली जायची. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. इतक्या लांबून कुणीतरी विचार करताना मला दिसत होतं.

"रोज दुपारी यंत्र जड चालतं म्हणून लोक तक्रार करतायत. शोधलं तर तुम्ही सापडलात. तेच पॅकेज रोज नव्यानं का बनवता?"

मी घाईनं टाइप केलं, "रोज पुसते ना सर, म्हणून."

"पण पुसता का?"

"दुसऱ्यांना तकलीफ नको म्हणून."

खालच्या अर्ध्यात अक्षरं आली. "अहो, तकलीफ तुमच्या पुसण्यानंच होतेय." आणि थोड्या वेळानं, "ती जागा दुसऱ्या कुणाला जात नाही. तुम्ही असा-नसा, ती तुमचीच आहे. राहू द्या तिथं."

मी "बरं" एवढंच लिहिलं. अर्धवट आज्ञा खोडली आणि उठले. परतीच्या वाटेवर जिवाला चैन नव्हतं. दार उघडं टाकून आल्यासारखं वाटत होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आन् कुणी नेलं मंग?"

दुसऱ्या दिवशी नेटकॅफेत बसले, खात्यात शिरले, पायथन सुरू केलं आणि पॅकेज बोलावलं. ते नसतं तर यंत्रानं चार ओळींची तक्रार केली असती. काहीच आलं नाही. नुसते पायथनचे ते तीन बाण, पुढं बोला म्हणणारे. कालचं सगळं, जिथल्या तिथं. मी ठेवलं होतं तसं.

मला रडू फुटलं. कशासाठी, ते तेव्हाही मला कळत होतं, उगाच साळसूदपणा करत नाही. भाड्याच्या खोल्या, वसतिगृहाच्या खाटा, दर वर्षी रिकामी केलेली कपाटं. इतक्या जागांत राहिले, पण आपण नसताना आपलं सामान सांभाळून ठेवणारी जागा मला पहिल्यांदाच मिळाली होती. नेटकॅफेवाले भाऊ घाबरून गल्ल्यावरून उठून आले.

"काय झालं ताई? काहून रडून राहिल्या? गेलं का समदं?"

"न्हाई भाऊ," मी म्हणाले, "हाय. समदं हाय."

त्यांना काही कळलं नाही. त्यांनी टेबलावरचा पंखा माझ्याकडं वळवला आणि गेले. मी विहिरींचे आकडे चढवले आणि गणित सुरू केलं. लाइट जायच्या आत ते पुरं झालं. बाकीचं मी त्याच आठवड्यात संपवलं, प्रकल्प वेळेत गेला, वर्ष वाचलं. पण त्या दुपारी गणित झाल्यावरही मी उठले नाही. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. लाइट जाईपर्यंत मी तशीच बसून राहिले, काही न करता, माझ्या जागेत.