उलटा बसवलेला पंखा

साठ सालच्या आगेमागे मी कळंबला एका लहान दवाखान्यात नर्स होते. दवाखाना जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, लागून. हिवाळ्यात कापूस आला की रुईचे तंतू कुठंही जाऊन बसत; वरणात, केसांत, उकळून ठेवलेल्या हत्यारांवरसुद्धा. आणि मोतीबिंदू काढायचे ते हिवाळ्यातच, अशी तेव्हाची रीत.

माझ्या मायचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकून फुटायला आलेला; दोन वर्षांपासून तिला माझा चेहराही दिसत नव्हता. डॉक्टरसाहेब म्हणाले, "चिरलेल्या डोळ्यात एक तंतू जरी राहिला तर पू होईल. खोली साफ करून दाखवा, मगच हात लावतो." दोन दिवस मी फिनाइलनं भिंती घासल्या. काय उपयोग? पाठ फिरवली की टेबल पुन्हा पांढरं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते.

शेवटी जिनिंगमधल्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. त्यांनी लोहाराचा हातानं फिरवायचा पंखा आणून खिडकीत बसवला आणि खोलीतली हवा बाहेर फेकायला लागले. जिनिंगची सवय ती, कचरा दिसला की बाहेर फेका. तंतू चिकटून दिसावेत म्हणून काळ्या पाटीला एरंडेल चोपडून ती मी पंख्याआधी तासभर टेबलावर ठेवली होती; आता पुसून, पुन्हा चोपडून ठेवली. तासाभरानं पाहते तर पाटीवर आधीपेक्षा जास्त तंतू.

"काय करून ठेवलं चाचा हे? यापेक्षा बिनपंख्याची खोली बरी होती."

उदबत्ती पेटवून चाचांनी दाराच्या फटीशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला.

"उलटं झालं ना, बाई," ते म्हणाले. "आपण हवा बाहेर काढून राह्यलो, तं दुसरी हवा फटीफटीतून रुई घेऊन आत येऊन राह्यली. आतच हवा भरा लागते. भरल्या घरात कोण घुसते?"

मग पंखा जिनिंगच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीतल्या झरोक्यात गेला, तोंड आत करून. त्यापुढं लाकडी चौकट, चौकटीत उकळून वाळवलेल्या मलमलीच्या दोन थरांमध्ये पिंजलेला कापूस. काट्यानं काटा काढायचा, तसं कापसानंच कापूस अडवायचा. खिडक्यांच्या फटी आम्ही कणकेनं लिंपल्या, दाराखालची तेवढी हवा निघायला ठेवली. आता उदबत्तीचा धूर बाहेर पळाला. पाटी काळीच्या काळी राहिली.

ऑपरेशनच्या दिवशी चाचा स्वतः बाहेर उभे राहून पंखा फिरवत होते. पाऊण तासात तो एकदाही थांबला नाही. कोणी हात बदलायला गेलं तर म्हणाले, "राहू दे, माझा हात बसला." नंतर पाहिलं तर दोन्ही तळव्यांना फोड. मी मलम लावून पट्ट्या बांधल्या. आजही त्यांची आठवण आली की माझे हात आपोआप जुळतात.

पट्टी निघाली तेव्हा डोळा स्वच्छ होता. महिन्याभरानं जाड भिंगाचा चष्मा आला. तो लावून माय माझ्याकडं पाहतच राहिली.

"एवढी कशानं वाळली वं?"

"कुठं वं माय, बरी आहो मी."

"दोन वर्षं हेच सांगून राह्यली मले," ती म्हणाली. "आंधळी होती मी, बहिरी नोती. सांगा लागत होतं ना."